ओसरीचे मोल, चौरस फुटाचा भाव

गृहसंकुलांच्या अलीकडच्या जाहिराती वाचणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. तरणतलाव, व्यायामशाळा आणि मोटारींची जागा यांच्या जोडीला आता 'सिट-आउट', 'डेक', 'पोर्च' अशा नावांनी घरापुढची बसायची जागाही विकली जाऊ लागली आहे. चित्रात वेताच्या दोन खुर्च्या, एक कुंडी आणि चहाचे दोन पेले असतात. समोर रस्ता मात्र नसतो, असते ती कातरून ठेवलेली हिरवळ. ज्यांच्या आजोबांनी ओट्यावर बसून दाढी करविली आणि आजीने ओसरीत बसून शेंगा फोडल्या, त्यांना हीच जागा परकीय नावाने आणि चढ्या भावाने विकत घ्यावी लागावी, यात विनोद आहे खरा. परंतु त्या विनोदामागे एक अर्थशास्त्रीय प्रश्नही आहे. घरापुढच्या उघड्या, सावलीच्या, बसण्याजोग्या जागेची ओढ माणसाला आजही वाटते. मग ती जागा आपल्या शहरांतून जवळजवळ नाहीशी का झाली? लोकांना ती नकोशी झाली म्हणून, की ती ठेवणे कोणालाच परवडेनासे झाले म्हणून?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. काळ बदलला, दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला, माणसे आत्मकेंद्री झाली. असे म्हणून सुस्कारा टाकणे सोपे असते. त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. वस्तुस्थिती अशी की ओसरी जाण्यास माणसाच्या स्वभावापेक्षा जमिनीचा भाव, भाड्याचा कायदा आणि बांधकामाची नियमावली या तिन्हींचा हातभार अधिक लागला. आणि जे नियमांनी घालविले ते काही अंशी नियमांनी परत आणता येते.

महाराष्ट्रात या जागेला एक नाव नाही, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. पुण्या-नाशिकच्या वाड्याला रस्त्याच्या कडेने दगडी ओटा आणि आत चौकाभोवती ओसरी, कोकणात अंगणातून दोन पायऱ्या चढून गेले की पडवी, मग ओटी आणि तिथला झोपाळा, मालवणी मुलखात लोटा, सातारा-कोल्हापूरकडे सोपा, मराठवाड्यातील माळवदी घरांच्या दरवाजातच दोन्ही बाजूंना उंच बैठकींची ढाळज. बांधणी वेगळी, साहित्य वेगळे, पाऊसमान वेगळे. पण घराने आपल्या मालकीच्या जागेपैकी काही भाग दाराबाहेर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याशी संबंध राखावा, ही रीत सर्वत्र एकच. गोव्यातील जुन्या कॅथलिक घरांचे बाल्कांव हा तिचा बहुधा सर्वांत देखणा आविष्कार. चार-सहा पायऱ्यांच्या माथ्यावर, कौलारू छपराखाली, समोरासमोर दोन बांधीव बैठका. त्यांना तिकडे सोपो म्हणतात. त्याच गोव्यातील जुनी हिंदू घरे राजांगणाभोवती आत वळलेली आढळतात, तर बाल्कांव उघडपणे रस्त्याकडे तोंड करून बसते. संध्याकाळी घरातली माणसे तेथे येऊन बसत आणि वाटेने जाणारा दोन शब्द बोलल्याखेरीज पुढे जात नसे. पाव विकणारा पोदेर, मासे विकणारी बाई, चर्चमधून परतणारे शेजारी, सर्वांची विचारपूस या दोन बाकांवरून होई. सासष्टी-बार्देशातील खेड्यांत अशी घरे आजही उभी आहेत. त्यांपैकी अनेकांचे मालक मुंबईत किंवा परदेशात असतात आणि बाल्कांवावर पालापाचोळा साठतो, ही गोष्ट निराळी.

या जागेची ओढ नेमकी कशाची, हे तिच्या मोजमापावरून कळते. ओटा रस्त्यापासून साधारण कमरेच्या आत उंच असतो. त्यावर बसलेल्या माणसाचे डोळे आणि खाली उभ्या राहिलेल्याचे डोळे फारसे वरखाली राहत नाहीत. मान वर करावी लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून हाक मारता येते, आज्ञा देता येते, भांडताही येते. सहज बोलता मात्र येत नाही. दुसरे असे की ओट्यावरचे बोलणे कोणावर बंधन घालीत नाही. घरात बोलावले की चहा आला, आवराआवर आली, किती वेळ बसायचे हा संकोच आला. ओट्यावर दोन मिनिटे टेकून उठता येते, आणि यजमानालाही 'आत काम आहे' म्हणून उठता येते. ज्याच्याशी मैत्री नाही पण वैरही नाही, अशा माणसाशी संबंध ठेवण्याची ही जागा होती. शहरातील बहुतेक संबंध याच जातीचे असतात. पोस्टमन, कल्हईवाला, भाजीवाली, वर्गणी मागणारी मुले, पत्ता विचारणारा परगावचा इसम, ही सारी माणसे घरात घेण्याइतकी जवळची नसतात आणि दाराबाहेर ताटकळत ठेवण्याइतकी परकीही नसतात. त्यांच्यासाठी घराला एक पायरी हवी असते.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी कल्पना उपयोगी पडते. एखाद्या वस्तूवर खर्च एकाने करावा आणि तिचा लाभ इतरांनाही मिळावा, पण त्या इतरांकडून त्याबद्दल काही वसूल करता येऊ नये, अशी स्थिती असेल तर बाजार ती वस्तू पुरेशा प्रमाणात निर्माण करीत नाही. बाह्यलाभाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे मधमाशा पाळणारा आणि शेजारचा बागायतदार. ओसरी हे त्याहून घरगुती उदाहरण. तिचा दगड, कौल, शेणसारवण यांचा खर्च घरमालकाचा. लाभ मात्र साऱ्या आळीचा. उन्हात चालणाऱ्याला घटकाभर सावली मिळे, पावसात अडकलेल्याला आडोसा मिळे, आणि संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांवर कोणा ना कोणा वडीलधाऱ्याची नजर असे. १९६१ साली जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने महानगरांवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्याने पोलिसांमुळे नव्हे, तर त्यावर सहज, विनामोबदला असणाऱ्या रहिवाशांच्या व दुकानदारांच्या नजरेमुळे. हे वाचून तेथील नगररचनाकार चमकले. बुधवारातल्या किंवा गिरगावातल्या एखाद्या आजीबाईंना ते ऐकून आश्चर्य वाटले नसते. आज तेच काम कॅमेरे आणि पहारेकरी करतात, त्यांचा खर्च दरमहा देखभालशुल्कात येतो, आणि त्यामुळे त्याची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होते. आजीबाईंच्या नजरेची नोंद कोठेच झाली नव्हती.

मात्र ओसरीचे गुणगान करताना तिच्यावर सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. ती जशी स्वागताची जागा होती तशीच अडविण्याचीही होती. कोणी ओसरीपर्यंत यायचे, कोणी पायरीपाशी थांबायचे आणि कोणी अंगणाबाहेरूनच हाक द्यायची, हे जातीने ठरविलेले होते. घराच्या उंबरठ्याची ही उतरंड गावाच्या उतरंडीची प्रतिकृती होती. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, त्या कृतीचे मोल या पार्श्वभूमीवर नीट उमगते. स्त्रियांचीही कथा फारशी वेगळी नव्हे. वाड्यातील दर्शनी ओटा आणि ढाळज हा बहुधा पुरुषांचा प्रांत. बायकांचा दिवस माजघरात, स्वयंपाकघरात आणि परसात जाई. रस्त्याकडच्या ओसरीत त्या दिसत त्या दुपारच्या निवडण-टिपणापुरत्या, पुरुष कामावर गेल्यावर. तेव्हा जुनी ओसरी जशीच्या तशी परत यावी, असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य होण्यासारखे नाही. परंतु पाण्यावर जातीचा पहारा होता म्हणून कोणी विहिरी बुजविल्या नाहीत. त्या सर्वांना खुल्या व्हाव्यात म्हणून झगडा झाला. ओसरीच्या बाबतीत मात्र ती सर्वांना खुली होण्याची वेळ जवळ आली आणि त्याच सुमारास ती मोडीत निघाली.

ती मोडीत निघण्याची कहाणी पुण्याच्या पेठांत स्पष्ट वाचता येते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय दशकानुदशके तसाच राहिला, आणि महिना दहा-वीस रुपये भाडे देणाऱ्या वाड्याचे छप्पर शाकारणेही मालकाला आतबट्ट्याचे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील कित्येक वाडे एका दिवसात मातीला मिळाले. उरलेले हळूहळू खचले. त्यांच्या जागी ज्या सदनिका आल्या त्यांच्यात ओटा नव्हता, कारण तळमजल्यावरची रस्त्याकडची पट्टी दुकानाला दिली तर तिचे भाडे किंवा पागडी मिळते. बसणाऱ्याकडून काही मिळत नाही. या निवडीबद्दल मालकाला दोष देता येणार नाही. त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते, आणि अडचण नेमकी हीच आहे.

मुंबईने ओट्याला एक पर्याय शोधला होता, तो चाळीच्या गॅलरीचा. खोलीबाहेरची ती लांबच लांब मोकळी वाट म्हणजे वरच्या मजल्यांवर चढविलेली ओसरीच होती. आठ-दहा बिऱ्हाडांनी ती वाटून घेतलेली असे. तेथेच अभ्यास चाले, तेथेच पापड वाळत, तेथेच रात्री अंथरुणे पडत. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होऊ शकला, त्याला ही रचनाही कारणीभूत होती. समोरासमोरच्या गॅलऱ्या आणि मधले आवार मिळून सभागृह आपोआप तयार होत असे. गंमत अशी की सरकारने जेव्हा १९२० च्या दशकात कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या, तेव्हा गॅलरी बाहेर न ठेवता दोन्ही बाजूंना खोल्या व मध्ये अंधारी बोळ अशी आखणी केली. तीत बांधकाम स्वस्त पडते. रहिवाशांनी त्या बोळालाही ओसरी करून सोडले, हा त्यांचा पराक्रम, आराखड्याचा नव्हे.

पुढची कथा चटईक्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे सर्वसामान्यांच्या तोंडी बसलेल्या 'एफएसआय'ची आहे. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे ठरविणारा हा आकडा शहरातील प्रत्येक भिंतीची जागा ठरवितो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मजल्याच्या क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंतचा सज्जा निर्देशांकात न मोजण्याची सवलत दिली होती. हेतू चांगला होता: घराला थोडी हवा, थोडे आकाश मिळावे. परंतु त्याच नियमावलीने अधिमूल्य भरून तो सज्जा बंदिस्त करण्याचीही मुभा दिली. परिणाम व्हायचा तोच झाला. फुकट मिळालेली उघडी जागा पैसे भरून बंद करता येते म्हटल्यावर ती उघडी कोण ठेवील? जाळ्या बसल्या, मग काचा बसल्या, मग मधली भिंत पाडून दिवाणखाना वाढला. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. सज्जे निर्देशांकात धरले जाऊ लागले आणि त्याबदली निवासी इमारतींना अधिमूल्यावर ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र देण्यात आले. त्याने गैरव्यवहाराचा एक दरवाजा बंद झाला, हे कबूल केले पाहिजे. पण आता सज्जा आणि शयनगृह यांना नियमाच्या दृष्टीने एकच भाव आला; आणि भाव एकच असेल तर शयनगृहच बांधले जाणार.

या भावाचा अर्थ पगारदाराच्या हिशेबात सांगायचा तर असा. समजा एखाद्या मध्यम शहरात सदनिकेचा दर चौरस फुटाला दहा हजार रुपये आहे. शंभर चौरस फुटांची ओसरी हवी असेल तर दहा लाख रुपये झाले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जावर घेतले तर दरमहा सुमारे आठ हजार सातशे रुपयांचा हप्ता पडतो. एखाद्या लिपिकाने किंवा शिक्षकाने वीस वर्षे दरमहा एवढी रक्कम मोजून रस्त्यावरच्या माणसाला बसायला जागा द्यावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून संतपणाची अपेक्षा करणे होय. तो ती जागा आत घेतो, तेथे मुलाचे टेबल मांडतो. त्यात गैर काहीच नाही. सोयीची गोष्ट म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची जी व्याख्या केली, तीतून सज्जा, व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळली. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून हे योग्यच झाले. परंतु कायद्याच्या भाषेतही ओसरी घराबाहेर गेली, हेही त्यासोबत घडले.

आणि मग तळमजला. ज्या पातळीवर ओटा असायचा, त्या पातळीवर आज बहुतेक इमारतींत खांबांवर तोललेला वाहनतळ आहे. हा वाहनतळ निर्देशांकात धरला जात नाही. मोटारीसाठी जागा सोडली तर ती मोफत, माणसाला बसण्यासाठी छप्पर घातले तर ते मोजणीत! एका मोटारीला सामान्यतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साधारण १३४ चौरस फूट. बीडीडी चाळीतील ज्या खोलीत गिरणी कामगाराचे अख्खे बिऱ्हाड राहिले, ती १६० चौरस फुटांची होती. या दोन आकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. ज्या देशाकडून 'फ्रंट पोर्च' हा शब्द जाहिरातदारांनी उचलला, त्या अमेरिकेतही ही जागा एकदा लोकजीवनाच्या केंद्रस्थानी होती. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम मॅकिन्ले यांनी दौरे न काढता ओहायोतील कँटन येथे आपल्या घराच्या ओसरीवरूनच प्रचार केला. आगगाड्या भरभरून माणसे तेथे आली आणि मॅकिन्ले निवडून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांची लाट आली, घराच्या तोंडाशी गॅरेज आले, वातानुकूलन यंत्र आले आणि ओसरी मागील अंगणात गेली. १९८० च्या दशकापासून काही नगररचनाकारांनी ती परत आणण्याचा प्रयत्न चालविला. फ्लोरिडातील सीसाइड या १९८१ च्या सुमारास आकारास आलेल्या वसाहतीच्या बांधकामसंहितेत रस्त्याकडच्या ओसरीचीच अट घालण्यात आली. तेथील जनगणना खात्याच्या आकडेवारीनुसार १९९२ मध्ये नव्या स्वतंत्र घरांपैकी सुमारे ४२ टक्के घरांना ओसरी होती. पुढील दोन दशकांत हे प्रमाण साठीच्या वर गेले. यावरून ओढ टिकून आहे एवढे सिद्ध होते. मात्र सीसाइडची घरे पुढे इतकी महागली की त्यांच्या ओसऱ्यांवर शेजारी बसण्याऐवजी सुटीचे पाहुणे बसू लागले. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना व्हावा ती एकट्या धनिकाला विकली की तिचे असे होते. आपल्या जाहिरातींतील हिरवळीकडे तोंड केलेल्या 'डेक'चेही भवितव्य यापेक्षा निराळे नसावे.

या सर्व चर्चेत मध्यमवर्गाची हळहळ ऐकू येते. पण ओसरी गेल्याचे खरे नुकसान तिच्याहून खालच्या थराला सोसावे लागत आहे. झोपडीचे दार जेथे संपते तेथून तिचे निम्मे घर सुरू होते. धारावीतील कुंभारवाड्यात मडकी दारापुढेच वाळतात. पापड लाटणाऱ्या बायकांचे टोपले दाराबाहेरच उलटे पडलेले असते. सोलापुरात विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसते, कारण उजेड तेथे असतो आणि चार जणी मिळून बसल्या की काम उरकते. ती जागा तिची बैठक, तिचा कारखाना आणि तिची शिशुशाळा असते. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ पासून २२५ चौरस फुटांचे घर मिळू लागले. पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचे झाले. पक्के छत, स्वतःचे शौचालय, नळ यांचे महत्त्व कमी लेखणे हे सुस्थितांनाच शोभेल. ते महत्त्व निर्विवाद आहे. तरीही उद्वाहनाच्या इमारतीत, दोन्ही बाजूंच्या बंद दारांमधल्या बोळात, नवव्या मजल्यावर त्या बाईने टोपले कोठे उलटे घालायचे, हा प्रश्न मोजपट्टीवर कधी आलाच नाही. चौरस फूट वाढले आणि जागा कमी झाली, असे तिने म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळत आहे. तेथेही घराचे क्षेत्र सर्वांना ठाऊक असते. मजल्यावरच्या सामाईक जागेची रुंदी किती आणि तीत उजेड येतो की नाही, हे फारसे कोणी विचारीत नाही.

उपाय अवघड नाहीत, फक्त त्यांचा क्रम नीट लावला पाहिजे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला किमान दोन मीटर खोल, निदान दोन बाजूंनी उघडी, बसण्याजोगी छायाच्छादित जागा जी इमारत सोडील, तिला तेवढे क्षेत्र निर्देशांकातून वगळून मिळावे. वाहनतळाला मिळते ती सवलत माणसांना मिळावी, इतकीच ही मागणी आहे. पण १९९१ ची चूक पुन्हा होऊ नये. ही जागा कोणत्याही अधिमूल्यावर बंदिस्त करता येणार नाही, अशी अट भोगवटा प्रमाणपत्रातच नमूद असावी, आणि अट मोडल्यास दंड एकदाच न घेता ती जागा मोकळी होईपर्यंत दरवर्षी घ्यावा. एकरकमी दंड म्हणजे उशिरा भरलेली किंमतच असते. बांधकाम व्यावसायिकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पुनर्वसनाच्या इमारतींत खोल्यांच्या बाहेरून जाणारी रुंद गॅलरी सक्तीची करावी. ती बांधण्यास खर्च थोडा अधिक येईल, पण विक्रीच्या सदनिकांतून त्या योजनांत जो नफा होतो त्यातून तो भागणे अशक्य नाही.

यावर आक्षेप येतील. डास, धूळ, भटकी कुत्री, चोर, टवाळखोर पोरे. त्यांतील काही खरे आहेत. वाहत्या हमरस्त्याकडेला ओटा बांधून उपयोग नाही. कर्ण्यांच्या कल्लोळात तेथे कोणी बसणार नाही. ओटा गल्लीचा, आळीचा, आतल्या रस्त्याचा. टवाळखोरांची भीती मात्र उफराटी आहे. रिकामा ओटा त्यांना सापडतो तो इतर कोणी तेथे बसत नाही म्हणून. पण मुख्य आक्षेप वेगळाच असतो आणि तो सहसा उघड बोलला जात नाही. ओट्यावर कोणीही बसेल, ही ती भीती होय. मोलकरीण बसेल, घरपोच माल आणणारा मुलगा टेकेल, पहारेकरी डबा खाईल. कित्येक संकुलांत या माणसांनी कोणत्या उद्वाहनातून जायचे याच्या पाट्या लावलेल्या आढळतात. जुन्या ओसरीवरची उतरंड आपण मोडली अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या पाट्या एकदा वाचाव्यात. तेव्हा निदान पायरीपर्यंत तरी येता येत होते.

नियम बदलण्यास वेळ लागेल. तोवर गृहनिर्माण संस्थांना थांबण्याचे कारण नाही. खांबांखालची जागा ही सर्व सभासदांची सामाईक जागा आहे, ती विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिला आहे. म्हणजे तिच्या वापराविषयी बोलण्याचा अधिकार ज्याच्याकडे मोटार नाही त्यालाही आहे. तिच्या रस्त्याकडच्या कडेला चार बाक ठेवण्यासाठी बांधकाम लागत नाही, एखाद्या वास्तुविशारदाचे शुल्क लागत नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. अडचण असेलच तर बाक कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायचे याची आहे. सिमेंटचे असे बाक कितीतरी संस्थांच्या आवारांत पूर्वीपासून आहेत. त्यांच्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव कोरलेले असते, त्यांची पाठ रस्त्याकडे असते आणि तोंड उभ्या मोटारींकडे.